खाला, अम्मीला सांगू नका

माझा भाचा बारा वर्षांचा, पण वर्गात सर्वांत बुटका. तपासणीत ग्रोथ हार्मोन कमी निघाले. तेव्हापासून माझी धाकटी बहीण रोज रात्री त्याला इंजेक्शन देते. वर्षभरात उंची छान वाढली. मोमिनपुऱ्यातल्या घरी सगळे खूश होते, अल्हम्दुलिल्लाह.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. जिना चढताना एक पाय ओढत होता. विचारले तर म्हणाला, "खाला, गुडघा दुखतो. पण अम्मीला सांगू नका. इंजेक्शन बंद झाले तर मुले पुन्हा छोटू म्हणतील." बहिणीला फोन केला, तर तिच्याही लक्षात आले होते! "आपा, एवढे महाग औषध, आता कुठे गुण येतोय," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघ्याबरोबर खुब्याचाही एक्स-रे काढला. झपाट्याने वाढताना मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्यात सरकू शकतो. दुखते मात्र कधी कधी गुडघ्यात. थोडक्यात निभावले. ऑपरेशन करून स्क्रू बसवला. इंजेक्शन काही महिने थांबले, मग पुन्हा सुरू झाले.

असे क्वचितच होते. बहुतेक मुलांना मोठा त्रास होत नाही. पण लंगडणे, सतत डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांना सांगावे. साखर आणि थायरॉइडच्या तपासण्या चुकवू नयेत.

बहिणींनो, मूल ही अल्लाहची अमानत आहे. दोन इंच उंचीसाठी त्याचे दुखणे झाकू नका. आणि वर्गात कुणाला छोटू म्हणू न देणे, हे आम्हा शिक्षकांचे काम.