फोटोतला ठिपका

गेल्या दिवाळीत छकुलीचे मोबाइलमधले फोटो चाळत होते. अल्बमसाठी चार-पाच निवडायचे होते. एका फोटोत हात थबकला. फ्लॅशचा पांढरा ठिपका तिच्या उजव्या डोळ्यात बाहुलीच्या मधोमध होता. डाव्या डोळ्यात मात्र बाहेरच्या बाजूला सरकलेला.

"अगं, जरासा तिरळेपणा भाग्याचा असतो," सासूबाई म्हणाल्या. आजवर मीही हे हसून मान्य केलं होतं. पण त्या दिवशी राहवेना. जुने फोटो उघडले. दोन वर्षांपूर्वीच्या वाढदिवसालाही ठिपका तसाच बाजूला! पुरावा रोज माझ्या पर्समध्ये होता आणि मी मात्र फ्रॉकचा रंग पाहत होते.

नेत्रतज्ज्ञांनी तिच्या डोळ्यांवर छोट्या टॉर्चचा उजेड टाकून तोच ठिपका पाहिला. जर्मन डॉक्टर हिर्शबर्ग यांनी ही तपासणी एकोणिसाव्या शतकात सांगितली. तिरळेपणा तपासणारी मोबाइलची काही अ‍ॅप्सही फोटोतल्या या प्रतिबिंबाची जागाच मोजतात.

डॉक्टर म्हणाले, "डोळे दोन दिशांना पाहू लागले, की लहान मुलाचा मेंदू वाकड्या डोळ्याचं चित्र नाकारतो. मग तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले, तर फायदा जास्त."

छकुली चार वर्षांची आहे. चष्मा आला आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. पहिले आठ दिवस तिच्याबरोबर मीही रडले. आता ती आपल्या बाहुलीलाही पट्टी लावते.

पालकांनो, मूल सरळ कॅमेऱ्याकडे पाहत असलेले फोटो आजच काढून बघा. ठिपका दोन्ही डोळ्यांत सारख्या जागी आहे ना? नाकाचा वरचा भाग रुंद असला, तर बाळ नुसतं तिरळं भासतं. तेव्हा ठिपके सारखेच दिसतात. उलट, अधूनमधून होणारा तिरळेपणा फोटोत सापडेलच असं नाही. म्हणून मोबाइलने शंका घ्यावी, निदान डॉक्टरांनीच करावं. चार महिन्यांनंतरही बाळाचे डोळे तिरळे वाटले, तर थांबू नका. आणि फोटोत बाहुलीच पांढरी चमकली, तर एक दिवसही दवडू नका. ते डोळ्याच्या गंभीर आजाराचं लक्षण असू शकतं.

सासूबाई हल्ली भाग्याचं बोलत नाहीत. पट्टीची वेळ मात्र घड्याळ लावून त्याच पाळतात.