दिग्रसची वेलांटी

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके. त्यांची यादी अकारविल्हे लावणं शाळकरी पोराचं काम. पण जुन्या फॉन्टात टाइप केलेली यादी संगणकाला लावता येत नसे. दारव्हा आणि दिग्रस शेजारी यायला हवेत, ते एकमेकांपासून दूर जात.

कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले होते. दिग्रसची वेलांटी दिसते डावीकडे, म्हणून ती ‘द’च्या आधी साठवली जाई. आर्णीचा रफार तर ‘णी’ लिहून झाल्यावर. फॉन्ट काढला की मागे इंग्रजी अक्षरांचा कचरा. वेबसाइट करणारे आम्ही मजकूर, रचना आणि रूप वेगळं ठेवा म्हणतो. इथे तर रूप हाच मजकूर होता.

युनिकोड या संगणकीय अक्षरसंहितेत अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवली जातात. आधी ‘द’, मग वेलांटी. ती डावीकडे काढायची, हे फॉन्टनं बघायचं. माझ्या मते मराठी वेबसाइटची खरी सुरुवात इथून होते, रंगसंगतीपासून नव्हे.

त्यावर एचटीएमएलची रचना. हे शीर्षक, हा कापसाच्या भावाचा तक्ता, त्यातला हा रकाना किमान दराचा. हे नीट नोंदलं तर अंध वाचकाचं स्क्रीन रीडर आकड्याबरोबर रकान्याचं नावही वाचतं. नुसती अक्षरं ठळक केली तर त्याला रचना कळत नाही. पानाची भाषा मराठी आहे, हेही इथेच सांगायचं. बरेच जण ते गाळतात. मराठी ‘ल’ आणि ‘श’चं वळण हिंदीहून वेगळं, पण युनिकोडातला क्रमांक एकच. भाषा नोंदलेली असेल आणि फॉन्टात सोय असेल, तर आपला ‘ल’ आपोआप उमटतो.

रूप सीएसएसकडे. होकुन व्हियुम ली यांनी १९९४ साली ही कल्पना मांडली, डिसेंबर १९९६मध्ये तिचं पहिलं मानक आलं. इंग्रजीसाठी बेतलेल्या तयार साच्यांत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये जागा सोडलेली असते. मराठीत त्यानं शिरोरेषेचे तुकडे पडतात. रूप वेगळ्या फाइलीत असेल तर एक ओळ बदलली की अख्खी साइट सुधारते. नाहीतर बसा पान पान उघडत.

यवतमाळसह देशातल्या अनेक जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) ‘एसथ्रीवास’ या एकाच व्यवस्थेवर चालतात. सांगाडा सामायिक, मजकूर ज्या त्या जिल्ह्याचा. अक्षर मोठं करायचं बटण तिथे चालतं ते मजकूर आणि रूप वेगळं असल्यामुळेच.

स्कॅन केलेल्या सूचनेवर मात्र ते बटण काही करू शकत नाही. छापा, शिक्का मारा, फोटो काढा, चढवा, ही सवय अजून जात नाही. असं काही आलं की मी मूळ फाइल मागतो. मिळाली नाही तर मजकूर पुन्हा टाइप करून घेतो, आणि त्याचे पैसे वेगळे लावतो.