आर्णी रस्त्यावर दोन गाड्या

यवतमाळ जिल्हा अंगाने मोठा आहे. क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर आणि तालुके १६. एका टोकाला वणीचा कोळसा, दुसऱ्या टोकाला उमरखेडची पैनगंगा. एवढ्या पसाऱ्यात लग्नाला, मयतीला, कोर्टाच्या तारखेला किंवा तहसीलमध्ये दाखल्याला जायचे म्हणजे एसटीची वाट पाहायची, नाहीतर दुचाकीला किक मारायची. एकेकाळी मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला येणारी शकुंतला होती. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली इंग्लंडात मँचेस्टरला तयार झाले होते आणि एप्रिल १९९४ पर्यंत त्याने डबे ओढले. नंतर डिझेलचे इंजिन लागले, आता तीही गाडी बंद आहे. चालत्या शकुंतलेतून उतरावे, बोरं वेचावी आणि पुन्हा चढावे, असे म्हातारी माणसे हसत सांगतात. पण सत्तर वर्षे एकाच इंजिनाने संसार ओढला, हेही सांगायला ती विसरत नाहीत.

इंजिनाचा विषय निघाला तो माझ्या भाच्यामुळे. आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन तो यवतमाळच्या एका गॅरेजात कामाला लागला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या खोलतो आणि बांधतो. दोन वर्षे पगारातून पैसे बाजूला टाकून त्याने १९९४ सालची एक जुनी यामाहा आरएक्स १०० घेतली. वाचकांपैकी ज्यांची तारुण्याची वर्षे त्या काळात गेली, त्यांना ती गाडी आवाजावरूनच ओळखता येईल. १९८५ साली ती आपल्या देशात आली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी आजही तिच्यासाठी पोरे जीव टाकतात. भाच्याजवळ गाडी घेऊन आणखी २८,००० रुपये उरले होते. ते सगळे इंजिनात घालायचे, बोअर मारायचा, पोर्ट कापायचे, हेड घासायचे, मोठा कार्बोरेटर बसवायचा आणि जिल्ह्यात कोणाची नसेल अशी गाडी बांधायची, असा त्याचा बेत होता. माझी बहीण घाबरून माझ्याकडे आली. घरात लहान बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा खर्च समोर उभा होता.

मी त्याला एवढेच म्हटले, की आधी एक दिवस ही गाडी आहे तशी दूरवर चालवू, मग ठरव. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. त्याची आरएक्स आणि माझी स्प्लेंडर.

यवतमाळ पठारावर वसलेले आहे, त्यामुळे आर्णीकडे निघताना रस्ता हळूहळू उतरत जातो. हा तुळजापूर-नागपूर राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक ३६१. पूर्वी खड्डे चुकवण्यात अर्धा दिवस जाई. आता चौपदरी झाला आहे. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या पाठीला ओटी बांधलेली, कुठे तुरीला शेंगा. हिवरी गेले, जवळा गेले. रस्ता इतका सरळ आणि मोकळा, की पोराचा हात आपोआप पिळला जातो. तो पुढे निघून जायचा आणि कुठल्यातरी फाट्यावर थांबून माझी वाट पाहायचा.

आर्णीत बाबा कंबलपोषांच्या दर्ग्याकडे जाणाऱ्यांची वर्दळ होती. चहाच्या टपरीवर बसून मी खिशातला कागद काढला. बी.कॉम. झालेल्या कारकुनाला हिशेबाशिवाय चहा गोड लागत नाही. आरएक्सचा पिस्टन ५० मिलिमीटर व्यासाचा आणि तो ५० मिलिमीटर वरखाली होतो. गुणाकार केला की ९८ सीसी येतात. बोअर मारून मारून ५१ मिलिमीटरपर्यंत नेला तरी होतात १०२. म्हणजे सगळा खटाटोप करून वाढले किती, तर चार सीसी! माझी स्प्लेंडर ९७.२ सीसीची. दोघींच्या पोटात जागा जवळपास सारखीच, तरी आरएक्सची ताकद ११ अश्वशक्ती आणि माझ्या गाडीची साडेसातच्या आसपास. फरक आकाराचा नाही. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला जोर लावते, फोर-स्ट्रोक एक फेरा सोडून लावते. म्हणून तिला पेट्रोलही जास्त लागते.

भाचा हसला. त्याला हे माझ्याहून चांगले ठाऊक होते. म्हणाला, "मामाजी, ताकद बोअरात नाही, पोर्टात हाय."

मग त्याने जे समजावून सांगितले ते मला पटले, आणि वाचकांनाही ऐकण्यासारखे आहे. टू-स्ट्रोकमध्ये वाल्व नसतात. सिलेंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात, पिस्टन वरखाली होताना त्या उघडतात आणि झाकतात. त्याच ह्या पोर्ट. धूर बाहेर जाण्याची खिडकी थोडी वर कापली, की इंजिन जोरात फिरताना मोकळा श्वास घेते आणि वरचा वेग वाढतो. मात्र त्याची किंमत खालच्या गिअरला द्यावी लागते. हळू चालताना, मागे माणूस आणि मांडीवर पोते असताना तेच इंजिन मरगळते. सायलेन्सरचेही तसेच. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज दाबण्यासाठी नसतो. त्याच्या पोटाच्या आकारामुळे दाबाची लाट उलटी येते आणि निसटू पाहणारे ताजे पेट्रोल-मिश्रण पुन्हा सिलेंडरात ढकलते. तेव्हा जी पोरे सायलेन्सर फोडून गल्लीत फटफट करत फिरतात, ती शेजाऱ्यांची झोप घालवतात आणि बहुतेक वेळा आपल्याच गाडीची ताकदही घालवतात. हे त्या पोरांना कोणीतरी सांगायला हवे.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. हेड घासून दाब वाढवलेले, हवेवर थंड होणारे इंजिन अशा उन्हात लांब पल्ल्याला पळवले, तर पिस्टन सीझ व्हायला वेळ लागत नाही. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्बोरेटरला त्याची सवय नाही. जेट वाढवला नाही तर मिश्रण पातळ पडते आणि इंजिन आणखी तापते.

आर्णी सोडली, लोणबेहळ गेले आणि कोसदनीचा घाट लागला. घाट तसा फार उंच नाही, पण वळणे आहेत, बाजूला सागाचे जंगल आहे आणि मालट्रक दम टाकत चढत असतात. आरएक्स त्यांच्या बाजूने चटकन निघून गेली. मी तिसऱ्या गिअरवर सावकाश वर आलो, तर हा सागाच्या सावलीत उभा. इंजिनाला अजून पाना लागला नव्हता आणि तरी गाडी पुढेच होती!

उतारावर मात्र वेगळे घडले. झाडीतून एक रोही उडी मारून रस्त्यावर आला आणि मधोमध थबकला. आपल्या भागात रोही आणि रानडुकरे कधी आडवी येतील याचा नेम नाही. भाच्याने दोन्ही ब्रेक दाबले. मागचे टायर गुळगुळीत झालेले होते. चाक घासत तिरपे गेले, गाडी पडता पडता राहिली. रोही निघून गेला. पोराचा चेहरा पांढरा पडला होता. वेग साठच्या आसपास असेल.

मी तिथे काही बोललो नाही. महागाव ओलांडून उमरखेडच्या पुढे पैनगंगेच्या पुलाजवळ थांबलो तेव्हा पुन्हा कागद काढला. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, ताशी ९० ला २५ मीटर. वेग दीडपट झाला की ब्रेक दाबल्यानंतर थांबायला लागणारे अंतर सव्वादोन पट होते. इंजिन बांधून ताकद वाढेल. ब्रेकचे ड्रम तेच राहणार, टायर तेच आणि रोही तोच.

पलीकडे नांदेड जिल्हा. नदीत पाणी बेताचे होते, खडकांवर कपडे वाळत होते. भाकरी सोडताना तो म्हणाला, "मामाजी, गाडी चालवाले सगयेच चालवतात. बांधाले किती जणाले येते?"

या वाक्याला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते, आणि ते वाक्य मला आवडलेही. दिवसभर दुसऱ्याच्या इंजिनाला हात काळे करणाऱ्या मुलाला आपल्या हातचे एक काहीतरी असावे असे वाटले, तर त्याला हौस म्हणून झटकून टाकता येत नाही. न्यूझीलंडमध्ये बर्ट मन्रो नावाचा गृहस्थ होता. १९२० सालची इंडियन स्काऊट मोटारसायकल त्याने चाळीसहून अधिक वर्षे घरच्या घरी सुधारली. पिस्टन तो स्वतः ओतत असे. १९६७ साली अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मैदानावर तिने ताशी २९५ किलोमीटरच्या आसपास वेग गाठला. पण ते मिठाचे मोकळे मैदान होते, समोरून कापसाची बंडी येत नव्हती. आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला शर्यतीचा मार्ग आहे. ग्रेटर नोएडात २०११ पासून बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. नाव तथागतांचे आणि काम अतिवेगाचे, ही गंमतच. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे मोटोजीपीची शर्यत झाली. यवतमाळच्या पोराला यांतले कोणतेच जवळ नाही. त्याच्या वाट्याला आर्णी रस्ता आहे.

कायद्याची गोष्टही मी त्याच्या कानावर घातली. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाल्यावर विमा कंपनी हाच मुद्दा काढते आणि तेव्हा रडून उपयोग नसतो.

परतताना तो माझ्या मागे राहिला, वेगाने गेला नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजातल्या वयस्क मिस्त्रीलाही त्याने विचारले. मिस्त्रीने एका वाक्यात निकाल दिला, "बोअर पुन्हा मारता येते बाप्पा, पण पोर्ट एकदा कापला की परत चिकटत नाही."

शेवटी त्याने असे केले. सिलेंडर लेथवाल्याकडे देऊन पाव मिलिमीटर बोअर मारला, कंपनीच्या मापाचा पिस्टन आणि रिंगा आणल्या आणि इंजिन स्वतःच्या हाताने मूळ होते तसे बांधले. दोन्ही टायर आणि ब्रेकशू नवे टाकले. उरलेल्या पैशांतून १५,००० रुपये बहिणीच्या प्रवेशासाठी आईकडे दिले. भंगारवाल्याकडून आरएक्सचाच एक टाकाऊ सिलेंडर मात्र त्याने उचलून आणला आहे. रात्री जेवण झाले की तो कानस घेऊन त्याच्या पोर्टवर बसतो, माप घेतो, वहीत लिहितो. ती वही मी पाहिली. अक्षर वाईट आहे, पण आकडे चोख आहेत.