लशीत नसलेला साप

आमच्या पुरंदरात विषारी साप म्हटलं की चारच नावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. समुद्रातही विषारी साप असतो, हे मला कळलं पुण्यात, गणेश पेठेतल्या मासळी बाजारात. मार्केट यार्डात अंजीर उतरवून बोंबील घ्यायला गेलो होतो. विकणारा गडी मूळचा मालवणकडचा, पोरवयात रापण ओढलेला. बोलता बोलता सापांवर गाडी आली.

त्यानं तळहात उभा धरून दाखवलं, शेपटी अशी वल्ह्यासारखी चपटी. नाकपुड्या वरच्या अंगाला, बुडी मारली की झाकण पडल्यागत बंद. श्वास मात्र हवेतलाच, त्यामुळं वर यावंच लागतं. पोटाचे खवले इतके बारीक, की वाळूवर पडला तर धड सरपटता येत नाही. बहुतेक जाती पिलं पाण्यातच देतात. म्हणजे आमच्या घोणशीचाच प्रकार. तीही अंडी घालत नाही.

स्वभावानं तसा गरीब. माणसाच्या मागं लागत नाही. पण माशांबरोबर जाळ्यात येतो, मासळी निवडताना हात पडतो, मग चावतो.

"दुखाक नाय ओ, काटो लागल्यासारख्या वाटता," गडी म्हणाला.

हेच वाईट. मण्यारीचं तेच; झोपेत चावली तर माणसाला पत्ता लागत नाही. समुद्रसापाचे दात आखूड, पुष्कळदा विष उतरतच नाही. उतरलं तर काही वेळानं सगळं अंग ठणकतं, जबडा आखडतो, लघवी काळ्या चहासारखी होते. विषानं स्नायू विरघळतात आणि तो गाळ मूत्रपिंडात अडकतो. श्वासही बंद पडू शकतो.

मी इंजेक्शनचं विचारलं. तर आपल्या देशात जी लस मिळते ती त्याच चार सापांची. पिंपरीत हाफकिनचे घोडे आहेत, त्यांना थोडं थोडं विष टोचून रक्तातून ती काढतात. त्या विषांत समुद्रसाप नाही. त्याची लस ऑस्ट्रेलियात बनते. आमच्या ऊसतोड्याला तालुक्याला निदान औषध तरी असतं. दर्यावरच्या माणसाला सलाईन, डायलिसिस आणि श्वासाचं मशीन, एवढ्यावरच निभवायचं. तेही मोठ्या दवाखान्यात.

त्याच्या रापणीतल्या एकाला चावला होता. दोन तास तो जाळंच आवरत बसला. मान वळेना, तेव्हा गाडी करून गोव्याला नेला. वाचला. मात्र जाळ्यात हात घालायच्या आधी तो आता काठीनं मासळी पसरून बघतो, आणि बाकीचे त्याला हसतात.