थ्रेड : ‘ऑर्डर’ — एक शब्द, तीन पत्ते, एकच गाव

१/८
रत्नागिरीत ‘ऑर्डर’ हा शब्द दिवसातून कितीदा तरी कानी पडतो. खानावळीत ऑर्डर दिली जाते, शिक्षकाच्या बदलीची ऑर्डर निघते, न्यायालयात स्टे ऑर्डर मिळते, चैत्रात हापूसच्या पेट्यांची ऑर्डर येते. मराठीला यासाठी मागणी, आदेश, हुकूम, मनाई असे निरनिराळे शब्द लागतात. इंग्रजी ते एकाच शब्दात भागवते.

२/८
या शब्दाचे मूळ लॅटिन ‘ऑर्डो’मध्ये आहे. त्याचा अर्थ रांग, ओळ. रांगेवरून क्रम, क्रमावरून व्यवस्था, आणि व्यवस्था राखण्यासाठी दिली जाणारी आज्ञा असा त्याचा प्रवास झाला. व्यापाराने पुढे त्याच आज्ञेची मागणी केली. या शब्दाचे दोन अत्यंत भिन्न अर्थ रत्नागिरीने शतकभर अनुभवले.

३/८
पहिला अर्थ हुकुमाचा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. ज्याचा शब्द मंडालेत कायदा होता, तो आता परवानगीवाचून गाव सोडू शकत नव्हता. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. डिसेंबर १९१६ मध्ये तो याच गावी वारला.

४/८
हुकुमाची दुसरी खेप १९२४ ची. विनायक दामोदर सावरकरांची कारागृहातून सुटका झाली ती दोन प्रमुख अटींवर : रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. पाच वर्षांची ही मुदत वेळोवेळी वाढत गेली. ते पूर्ण मुक्त झाले १९३७ मध्ये.

५/८
याच काळात दुसरी ‘ऑर्डर’ घरोघर पोहोचत होती : मनीऑर्डर. १८८० पासून हे काम टपाल खात्याकडे आले. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी पगारातून रक्कम भरी आणि पोस्टमन ती गावच्या ओटीवर मोजून देई. येथेही शब्दाचा मूळ अर्थ शाबूत आहे. एका टपाल कचेरीने दुसरीला दिलेली ही आज्ञाच : ‘या व्यक्तीस इतके पैसे द्यावेत.’

६/८
फरक एवढाच की, येथे सरकारी यंत्रणा कोणाला अडवीत नव्हती. अंगठा उठवणाऱ्या एखाद्या माउलीसाठी ती राबत होती. फॉर्मच्या कूपनावर दोन ओळींची जागा असे. ‘पैसे पोचताच कळवणे. बाळाला शाळेत घालणे.’ अशा मजकुरासाठी ती पुरे होई. पुष्कळ घरांत नवऱ्याचे पत्र म्हणजे तेवढेच.

७/८
१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्याची झळ कोकणातल्या चुलीपर्यंत पोहोचली. पोस्टमन दारावरून पुढे जाऊ लागला. राजाला अडवणारी ऑर्डर येणे हे संकट होते; या घरांवर ऑर्डर न येण्याचे संकट कोसळले. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर सेवा २०१५ मध्ये बंद झाली.

८/८
राजबंद्यांविषयीचे हुकूम सरकारी दप्तरात जपले गेले. अभ्यासकांना ते आजही वाचता येतात. मनीऑर्डरच्या कूपनांना असे दप्तर लाभले नाही. ती राहिली पत्र्याच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, पोथीच्या पानांत. कोकणच्या स्थलांतराचा इतिहास लिहायचा तर हे कपटे राजवाड्याइतकेच मोलाचे आहेत. घर आवरताना एखादे पिवळे कूपन हाती लागले, तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. त्यावरची तारीख, रक्कम आणि त्या दोन ओळी आधी वाचाव्यात.