गळ आणि आमिष

बँकेच्या नावाने खोटे पत्र पाठवून पैसे लुबाडण्यास ‘फिशिंग’ असे नाव आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेला हा शब्द मासेमारीवरूनच आला. दूधगंगेच्या काठी गळ टाकून बसलेली माणसे आपण नेहमी पाहतो. माशाला आपले रोजचे अन्न दिसते. आतील लोखंड दिसत नाही.

या पत्रातील चिन्ह बँकेचे, रंग बँकेचा, भाषा अदबीची आणि धमकी मात्र सावकारी: आज सायंकाळपर्यंत माहिती न भरल्यास खाते बंद होईल. खालच्या दुव्यावर बोट ठेवताच बँकेच्या दारासारखेच दार उघडते. तेथे लिहिलेला परवलीचा शब्द आणि ओटीपी थेट चोराच्या हाती जातो.

मग खरे दार ओळखावे कसे? टपालाच्या पाकिटावर वर काहीही लिहिलेले असो, ते कोणत्या गावी जाणार हे शेवटच्या ओळीवरून ठरते. संकेतस्थळाचेही तसेच. पहिल्या तिरप्या रेघेच्या अगोदर जे अगदी शेवटी असते, तेच त्याचे गाव. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट घेण्यास सांगितले व त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. याच अक्षरांपुढे आणखी काही जोडलेले आढळले, तर ते दुसऱ्याचेच घर समजावे. (पतसंस्थांना मात्र ही खूण लागू पडत नाही, तेथे कचेरीत जाऊनच विचारलेले बरे.) तसेच यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे देण्यासाठी असतो.

आपल्या सीमाभागात एक निराळीच अडचण आहे. घरात मराठी, बाजारात कानडी आणि बँकेचा निरोप बहुधा इंग्रजीत! वडीलधाऱ्यांना तो वाचता येत नाही, आणि मुलांना विचारण्याचा संकोच वाटतो. आमच्या धर्मग्रामातील एका माउलीने असाच निरोप खरा मानला. उसाच्या बिलातून मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम गेली. त्याहून वाईट म्हणजे, घरचे रागावतील या भीतीने ती दोन दिवस गप्प राहिली. चोराला हाच अवधी हवा असतो, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळविले, तर तो वाटेतच अडविता येण्याचा संभव असतो. शिवाय, २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, गुप्त माहिती ग्राहकाने स्वतःच दिली असल्यास बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच, कळविल्यानंतरचे बँकेचे. तेव्हा फसलेल्या माणसाला घरात प्रथम रागावू नये. आधी दूरध्वनी करू द्यावा.

मिस्सा आटोपल्यावर पुष्कळ जण मोबाईल घेऊन माझ्याकडे येतात. निरोप खरा की खोटा, हे मी आनंदाने पाहून देईन. ओटीपी मात्र कृपा करून मलाही सांगू नये.