मोहरमला उघडणारा वाडा

चंद्रपूरच्या गोंडराजांचा वाडा आतून पाहायचा तर मोहरमची वाट पाहावी लागते. तिथे आज जिल्हा कारागृह आहे. आत हजरत मखदूम गैबीशाह वली यांचा दर्गा असल्याने त्या दिवसांत दार सर्वांसाठी उघडते. आम्हीही मुलाबाळांसह तेव्हाच गेलो.

जटपुरा गेटातून जुन्या शहरात शिरलो. दरवाजावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. ती गोंडराजांची खूण. खांडक्या बल्लाळशाहने राजधानी बल्लारपूरहून इथे आणली आणि कोट सुरू केला. तो पुरा व्हायला पुढच्या राजांच्या पिढ्या लागल्या. चार दरवाजे, पाच खिडक्या. एका दरवाजाचे नाव पठाणपुरा आहे, हे ऐकून मुले खूश!

कारागृहापाशी लांब रांग होती. त्यात आपले लोक होते, हिंदू होते, आदिवासीही होते. आत गेल्यावर मुले हिरमुसली. त्यांना महाल हवा होता, समोर होते ते बंदीखाने. 1751 मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले, 1818 मध्ये इंग्रजांनी तोफा लावून जिंकले आणि पुढे वाड्याचा तुरुंग झाला. उंच भिंती आणि मोजकी दारे राजालाही हवी असतात, तुरुंगालाही.

दर्ग्यात फातिहा पढलो. मजारीवर जाण्याबद्दल आपल्या घरांत मतभेद असतात, आमच्याही घरात आहेत. पण मरहूमांसाठी दुआ करायला कुणाची ना नव्हती. काहीजण विहिरीचे पाणी बाटल्यांत भरून नेत होते.

आम्हाला जास्त थांबवले ते पिंपळाने. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी इथे फाशी दिली गेली. वय अवघे 25. त्यांचा मुलूख अहेरीकडचा, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातला. त्यांच्या फौजेत गोंडांबरोबर रोहिलेही होते, हे आपल्या मुलांच्या कानावर क्वचितच पडते. आमच्या मुलांना ते झाडाखालीच सांगितले.

महालाची हौस शेवटी अंचलेश्वराजवळ फिटली. राणी हिराईने पती बीरशाहची समाधी तिथे बांधली. वर घुमट, खाली कमानी. धाकटी लांबूनच म्हणाली, "अब्बू, हा मकबरा कुणाचा?"